माझं ऑपरेशन आणि सासूचे उपास

वजन कमी करायचं ऑपरेशन झालं माझं आणि वाळली माझी सासू. सांगितलं की लोक हसतात, मीही हसत हसतच सांगते. पण नंतर डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं आणि माझ्याकडं असं काही बघितलं, की मला मान वर करायची सोय राहिली नाही. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं तर म्हातारी हातची गेली असती. आणि हे सगळं माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर.

त्यातून मी ब्लाउज शिवणारी बाई. लातुरात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं मशीन आहे. गिऱ्हाईक पायरी चढून वर येईस्तोवर मी मनातल्या मनात तिचा दंड, छाती, पाठ मोजून मोकळी होते. टेप नंतर लावते ती नुसती तिच्या समाधानासाठी. एवढी नजर तयार, आणि घरातलं माणूस निम्मं झालेलं दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासारखीला बघूनच म्हणत असतील.

आधी आमच्या दोघींचं सांगते. मी जाडी होते. अंगानं भरलेली, खात्यापित्या घरची, हे सगळे लोकांचे शब्द. आकडा सांगणार नाही, तो माझ्या नवऱ्यालाही ऑपरेशनच्या दिवशीच कळला. ऑटोवाला मला बघितलं की बाकीच्यांना सांगायचा, "मावशीला मधी बसू द्या, म्हंजे गाडी कलायची न्हाई." सासू माझ्याएवढी नव्हती, पण दणकट होती. शिरूर अनंतपाळकडच्या शेतात उभी हयात गेलेली, नऊवारी लुगडं, आणि जीभ कात्रीसारखी. "हिच्या एका ब्लाउजात माझे दोन निघत्यात," असं ती गिऱ्हाइकांसमोर सांगायची. मी म्हणायची, "आत्याबाई, तुमच्या जिभेचं माप घ्यायचं म्हणलं तर माझा टेप पुरायचा न्हाई." गिऱ्हाइकं हसायची, सासू जास्त हसायची.

आमच्या घरात रीत अशी की नवरा आणि पोरगी आधी जेवणार, आणि मग आम्ही दोघी. दोघी एकाच परातीत. मी लग्न होऊन आले त्या दिवशी पाहुण्यांच्या गर्दीत माझं जेवायचंच राहिलं होतं. कुणाला सांगायची चोरी, डोळ्यांत पाणी यायला लागलं. तेव्हा ही बाई चुलीपाशी परात घेऊन बसली आणि म्हणाली, "ये ग, बस. एकातच जेवू, तेवढंच भांडं कमी घासायचं." तिथून जे बसलो ते वीस-बावीस वर्षं बसलो. ज्वारीची भाकरी, आमटी, ठेचा, आणि सोबत सगळ्या गल्लीची धुणी. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाचा ब्लाउज का उसवला, नवऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही, सगळे निर्णय त्या परातीवर व्हायचे. आणि जेवण तासभर चालायचं. माझी जाडी निम्मी त्या परातीतली आहे, हे मला ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

मग गुडघे गेले. शुगर निघाली. मशीनवर बसल्या बसल्या डोळा लागायला लागला, एकदा सुई बोटात गेली. डॉक्टर म्हणाले, तुमचे गुडघे आधी जातात की हृदय, एवढंच आता बघायचं राहिलंय. आधी पथ्य झालं, फिरणं झालं, काढे झाले. शेवटी ऑपरेशनचं ठरलं. पोट लहान करायचं, म्हणजे माणूस खाऊच शकत नाही.

सासूनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "जादाचं कापड कापून टाकतीस तसं पोट कापाया निघालीस व्हय? देवानं दिलंय ते! खाणाऱ्या बाईला नावं ठेवायचा जमाना आला, अजून काय बघायचं राहिलंय?" त्यानंतर ती माझ्याशी बोलायचीच बंद झाली. जे सांगायचं ते नवऱ्यामार्फत. तोही गरीब, ह्या खोलीतून त्या खोलीत निरोप घेऊन जायचा, दोघी एकमेकींना दिसत असताना. पण निघायच्या दिवशी पिशवीत काहीतरी जड लागलं म्हणून बघितलं, तर डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी! पोटाच्या ऑपरेशनला धपाटे! "दवाखान्यातलं बेचव असतंय," म्हणाली, भिंतीकडं बघून.

ऑपरेशन नांदेडला केलं. तिथं माझा भाऊ राहतो आणि भावजय नर्स आहे, तिच्या ओळखीचे डॉक्टर. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, "पोटाचा मोठा भाग काढून टाकतो, केळ्याएवढी नळी राहते." मी विचारलं, "अर्धापुरी केळं का वेलची?" डॉक्टर हसले आणि उत्तर दिलं नाही. तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं की वेलची.

पोट कापलं आणि दुखला खांदा. मी म्हटलं ह्यांनी भलतंच काहीतरी कापलं. भावजय म्हणाली, "अक्का, ऑपरेशनच्या वेळी पोटात हवा भरतात, ती खांद्याला लागते. चाला म्हंजे निघून जाईल." मग काय, हाताला सलाईन, पोटाला चिकटपट्ट्या, आणि मी आपली पॅसेजमधून येरझाऱ्या घालते. तीन गोळे असलेलं एक यंत्र दिलं, ओढून श्वास घ्यायचा आणि गोळे वर उडवायचे. लेकराच्या खेळण्यासारखं. दोन गोळे उडायचे, तिसरा काही केल्या हलायचा नाही. मला त्या तिसऱ्याचा इतका राग यायचा की बस.

आणि पाणी! पाणी औषधाच्या टोपणानं. एक टोपण, थांबा, मग दुसरं. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पाणी पिणं ही काय चैन असते ते मला त्या दिवसांत कळलं. दवाखान्यातून भावाच्या घरी आले तर तिथंही तेच. मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, चमच्या-चमच्यानं, आणि भावजय समोर पहारा दिल्यासारखी. माझ्यापेक्षा लहान आहे ती, पण त्या दिवसांत मी तिला घाबरून होते.

एका सकाळी शेजारच्या घरातून भाकरी थापायचा आवाज आला आणि मला रडूच कोसळलं. भावजय हातातलं टाकून धावत आली. "अक्का, भूक लागली का?"

"न्हाई."

"मग कामून रडून राहिल्या?"

"भूक लागत न्हाई म्हणूनच रडायले ना!"

खरंच लागत नव्हती. पोटाचा जो भाग काढतात त्यात भुकेचंही काहीतरी जातं, असं ती म्हणाली. आयुष्यभर जिला शिव्या दिल्या ती भूक गेली, आणि मला घरातलं माणूस न सांगता निघून गेल्यासारखं वाटलं. दिवस संपता संपायचा नाही. जेवायचं काय करू, जेवल्यावर काय करू, उद्या काय करू, ह्यातच माझा निम्मा दिवस जायचा हे मला ठाऊकच नव्हतं. आता त्या वेळेचं काय करायचं? मी भावजयीच्या सगळ्या उशांना नवीन अभ्रे शिवून टाकले.

संध्याकाळी ती मला फिरायला न्यायची. पाय आपोआप गुरुद्वाराच्या बाजूला वळायचे. तिथं लंगर. ज्या गावात कुणी उपाशी झोपत नाही त्या गावात मी उपाशी हिंडतेय, असं म्हणून मी भावजयीला हसवायची. एकदा आत गेलो तर प्रसाद वाटणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी माझ्या ओंजळीत तुपाचा ऊन ऊन शिरा ठेवला. माझ्याकडं बघून आणखी एक गोळा वर ठेवला. माझं अंग बघून त्यांना वाटलं असणार, हिला एवढ्यानं काय होतंय. प्रसाद खाली तर टाकता येत नाही. मी कपाळाला लावला आणि सगळा भावजयीच्या हातात दिला. तिनं तो डोळे मिटून खाल्ला आणि मी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिले.

सासूचा रोज फोन. अबोला संपला होता, पण प्रश्न एकच. "काय खाल्लं?"

"डाळीचं पाणी."

"आन?"

"बस, तेवढंच."

मग ती फोन पोरीच्या हातात द्यायची. पोरगी बारावीला, लातुरातल्या सगळ्या पोरांसारखी डॉक्टर व्हायच्या घाईत. ती म्हणायची, "आई, आजीचा आज उपास आहे." मी म्हणायची, बरं.

लातूरला परत आले तर सासूनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग माझे दोन्ही दंड हातात धरून बघितले. "माय माय माय! काय ग ही दशा!" अहो, कसली दशा? ऑटोवाल्यानं तर आत्ताच मला मधे बसवलं होतं. दुसऱ्या कुणाच्याही लक्षात येत नव्हतं, हिला मात्र मी पार खंगलेली दिसत होते.

दुपारी सगळ्यांचं झाल्यावर परात निघाली. सासू सवयीनं तिच्या बाजूला बसली, मी माझ्या. माझ्यापुढं वाटीत वरणाचं पातळ पाणी आणि पोरीच्या लहानपणीचा चमचा. सासूनं भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि हात तोंडापर्यंत नेऊन खाली ठेवला. "तू खा," म्हणाली. मी खाल्लं. ती नुसतीच बोटं परातीत फिरवत बसली आणि मग उठली. मला वाटलं, बिचारीला माझ्यासमोर खायला अवघड वाटतंय. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी माझी वाटी घेऊन मशीनच्या खोलीत जायला लागले. "आत्याबाई, तुम्ही जेवा निवांत, माझं माझं चालू दे," असं म्हणून दारही लोटून घ्यायची. आपण किती समजूतदार आहोत असं वाटून मला बरंही वाटलं. तसंही माझं खाणं मोबाइलच्या घंटीवर होतं. घंटी वाजली की चार चमचे, परत वाजली की परत चार चमचे. त्यात दुसऱ्याला कशाला बसवायचं?

त्यातच महालक्ष्म्या आल्या. शेजारणीनं मला सवाष्ण म्हणून सांगितलं. मी म्हटलं, बाई, माझ्या पोटात जागा नाही. ती म्हणाली, "चार घास खा, पण सवाष्णीनं न्हाई म्हणू नये." गेले. पानात सोळा भाज्या, कढी, भजी, पुरणपोळी, वरून तुपाची धार. मी बोटाच्या टोकाएवढं पुरण चाखलं. पण सवय वाईट, चावायचं विसरले आणि गिळलं. ते मधेच बसलं. छातीत असा दगड, तोंडाला असा फेस! मी हात धुवायच्या निमित्तानं मोरीकडं पळाले. ओकारीचा आवाज काय लपतोय? आठ दिवसांत गल्लीत झालं, टेलरबाईला ह्या वयात दिवस गेलेत. नवरा कॉलेजात क्लार्क आहे, त्याला तिथं कुणीतरी पेढे मागितले. घरी येऊन बराच वेळ बूट काढत बसला आणि मग हळूच म्हणाला, "ते... काही हाय का तसं?" मी आणि सासू पोट धरून हसलो. म्हणजे मी धरून हसले, टाके होते म्हणून. सासू हसता हसता भिंतीला टेकली आणि खाली बसली. "चक्कर आली," म्हणाली. नवरा म्हणाला, वय झालं. मीही म्हटलं, हो, वय झालं.

दसऱ्यापर्यंत माझं अंग उतरायला लागलं. केसही गळायला लागले, त्याची गोळी वेगळी. दंडाची कातडी लोंबायला लागली. मशीन चालवताना मी थांबले तरी ती थोडा वेळ चालूच राहायची. पण ब्लाउज! आधी मी एक शिलाई आत घेतली. मग दुसरी. मग आत घ्यायला काही उरलं नाही, सगळे उसवून नवे बेतले. आयुष्यात इतक्या आनंदानं मी कधी उसवलेलं नाही.

लोकांचं मात्र निराळंच. जाडी होते तेव्हा म्हणायचे, कमी करा. कमी केलं तर म्हणाले, चेहरा उतरला, आजारी दिसता, शुगर वाढली का? एक गिऱ्हाईक तर कहरच. "सून सासूला बघत न्हाई असं ऐकलं होतं, इथं सासूनं सुनंला उपाशी ठेवली वाटतं!" सासू आतल्या दारात उभी होती. एरवी तिनं त्या बाईची सात पिढ्यांची शिलाई उसवली असती. त्या दिवशी नुसती वळली आणि आत गेली. मला नवल वाटलं, पण दिवाळीची घाई होती, ढीगभर कपडे पडले होते.

आणि तिचे उपास वाढत होते. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चतुर्थी आणि एकादशी होत्याच. मधेच बुधवारीही एकदा "आज माझं न्हाई" म्हणाली. मी चेष्टा केली, "आत्याबाई, तेहतीस कोटींतला कुणी राहिला असंल तर बघा, रुसून बसायचा." ती म्हणाली, "तू तुझं खातीस ना? खा." उपासाचं तरी ती काय खात होती, हे कुणी बघितलं? नवऱ्याला वाटे ती माझ्याबरोबर जेवते. मला वाटे ती स्वयंपाकघरात निवांत जेवते. पोरगी सकाळपासून क्लासला. भाकरी केली जात होती आणि संपत होती, कारण उरलेली ती दारातल्या गाईला घालायची. नऊवारीच्या ओच्यात आणि डोक्यावरच्या पदरात बाई किती राहिली ते कळत नाही, आणि थंडी पडल्यावर वर स्वेटर आला.

दिवाळीला मी तिला खणाचा ब्लाउज शिवला. माप घेतलं नाही. सासूचं माप काय घ्यायचं, इतक्या वर्षांचं तोंडपाठ. तिनं तो घडी करून ठेवला, येळवशीला घालीन म्हणाली.

येळवस म्हणजे आमच्या लातूरकडची वेळ अमावस्या. त्या दिवशी शहरात कुत्रं दिसत नाही, सगळी माणसं शेतात. आमचं शेत धाकटा दीर करतो. कडब्याची कोप उभी केलेली, आत चुन्यानं रंगवलेले दगडाचे पांडव, हिरवी ज्वारी डोक्याच्या वर गेलेली. पूजा झाली, पोरांनी कोपीभोवती फिरत आरोळ्या ठोकल्या आणि पंगत बसली. ओल्या दाण्यांची न् पालेभाज्यांची मिसळ भज्जी, पिठाचे वाफवलेले उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, माठातली आंबील. गल्लीतले, कॉलेजातले, बोलावलेले, न बोलावलेले, सगळे. येळवशीला वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. मी भज्जीचं पातेलं घेऊन वाढत होते. वासानं जीव कासावीस झाला, पण वाढताना हात आखडला नाही.

दुपार उन्हाची होती, सासूनं स्वेटर काढून ठेवला होता. जावेनं तिच्यापुढं पत्रावळ मांडली. ती म्हणाली, "मला नको. माझा उपास हाय."

सगळी पंगत थांबली. मग जो हशा पिकला! येळवशीला उपास? ज्या दिवशी घरचा कुत्रासुद्धा तट्ट जेवतो त्या दिवशी? कुणीतरी ओरडलं, "आजी, कुठल्या देवाचा ओ?" सासूला देव सापडेना. ती "नको, नको" म्हणत हात उंच करून पत्रावळ सारायला लागली, आणि तिच्या नव्या ब्लाउजाची बाही घसरून थेट खांद्यापर्यंत गेली. काकडीएवढा दंड. त्या बाहीत आणखी एक तसा दंड मावला असता. मी भज्जी वाढता वाढता थांबले. माझ्या शिलाईत चूक नव्हती. बाहीच्या आतली बाई कमी झाली होती.

मी पातेलं जावेच्या हातात दिलं, सासूला धरून उठवलं आणि कोपीत नेलं. उठवताना माझा एक हात पुरला, इतकी ती हलकी लागली. "खरं सांगा," मी म्हटलं, "दिवसाला काय खाता तुम्ही?"

"तू कोण विचारणारी? तू जातीस ना लपून खायला? दार लावून?"

"लपून? अवो, तुम्हाला माझ्यासमोर खायला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून जात होते!"

"मला वाटलं, माझ्या भाकरीच्या वासानं तुला मळमळतंय." ती पांडवांकडं बघत होती, माझ्याकडं नाही. "पयल्या दिवशी तू ते चमच्यानं पाणी प्यालीस. पोटाला चिंध्या चिकटवलेल्या. आन मी भाकरी मोडू? घासच उतरंना. मग तू उठूनच जाया लागलीस. एकटी परातीपुढं बसले की वाटायचं, मेलं कोण हाय घरात? म्हणून मग उपासच बरा."

"आणि मरायला लागल्या असता तर?"

"सांगायला कुणाला यायचं?" ती म्हणाली. "तू तर दार लावून बसलेली."

मला तिचा इतका राग आला, आणि माझा स्वतःचा त्याहून जास्त. मी बाहेरून पत्रावळ भरून आणली. भाकरी, भज्जी, उंडे, खीर. माझ्यासाठी वाटीत दोन चमचे भज्जी घेतली आणि तिच्यासमोर मांडी घातली. मला हल्ली मांडी घालता येते. "खा," मी म्हटलं. ती म्हणाली, "तू आधी." मी चिमूटभर भज्जी तोंडात घातली आणि डॉक्टरांनी सांगितलंय तशी चावत राहिले, ती पार पाणी होईस्तोवर. सासू बघत राहिली. मग तिनं भाकरीचा तुकडा मोडला.

पहिले दोन घास तिनं हळू खाल्ले. तोंडात दात उरलेले नाहीत, हिरड्यांनी घोळवत. मग हळू राहिलं नाही. मान खाली घालून, कुणीतरी पुढचं उचलून नेईल अशी ती खात होती. भज्जी मनगटापर्यंत आली तरी तिला भान नव्हतं. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी ह्या बाईला जेवताना बघतेय, असं जेवताना कधी बघितलं नव्हतं.

"आत्याबाई, सावकाश," मी म्हटलं.

ती थांबली. ओशाळली. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुझं बरं हाय बाई. तुझी भूक डॉक्टरनं काढून टाकली. मला लई लागायची ग."

मला हुंदका आवरला नाही. तोंड फिरवायलाही जागा नव्हती त्या कोपीत, मी तिच्यासमोरच ढसाढसा रडले. बाहेर पंगत हसत होती, दुसऱ्या शेतातून आरोळ्या येत होत्या. सासूनं रिकामी पत्रावळ माझ्याकडं सरकवली.

"रडतीस काय?" ती म्हणाली. "भज्जी आण."